चित्रात दडविलेला मजकूर

चंदीगड शहराच्या उत्तर अंगाला, सुखना सरोवराजवळ, नेकचंद यांनी उभारलेली रॉक गार्डन नावाची बाग आहे. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते कामाचे तास संपल्यावर जंगलासाठी राखून ठेवलेल्या एका घळीत जात. शहराच्या बांधणीतून उरलेला माल, फुटक्या बांगड्या, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे असे जे हाती लागेल ते तेथे वाहून नेत आणि त्यातून माणसांच्या व पशुपक्ष्यांच्या आकृती घडवीत. सरकारी जमिनीवर चाललेला हा उद्योग कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही. १९७० च्या दशकात तो उघडकीस आला आणि १९७६ मध्ये ही बाग लोकांसाठी खुली झाली. इतकी वर्षे ती लपून राहिली ती कुलपांमुळे किंवा पहारेकऱ्यांमुळे नव्हे. तिकडे जाऊन पाहावे असे कोणाला वाटलेच नाही, एवढेच त्याचे कारण.

मजकूर गुप्त ठेवण्याचेही असेच दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कुलपाचा. मजकुराचे रूप अशा रीतीने पालटावयाचे की किल्ली ज्याच्यापाशी आहे त्यालाच तो वाचता यावा. असे पत्र वाटेत कोणाच्या हाती पडले तर त्याला त्यातले अक्षरही कळणार नाही. मात्र काहीतरी लपविलेले आहे हे त्याला पाहताक्षणी कळेल. दुसरा मार्ग नेकचंदांच्या घळीचा. येथे मजकूर आहे हीच गोष्ट लपवावयाची असते. मराठी घरांतून पूर्वी चालणारी करपल्लवी आणि नेत्रपल्लवी या दुसऱ्या जातीच्या होत. भरल्या बैठकीत दोघांचे बोलणे होऊन जाई आणि तिसऱ्याला त्याची वार्ताही नसे. लिंबाच्या रसाने कोऱ्या कागदावर लिहून तो दिव्यावर धरण्याचा खेळ मुले खेळतात, त्यातले तत्त्वही हेच.

हा दुसरा मार्ग कोणाला लागतो, याचे चित्र गस्टाव्हस सिमन्स या अमेरिकन गणितज्ञाने १९८३ मध्ये एका लहानशा कथेतून उभे केले. दोन कैदी वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत. त्यांना एकमेकांना पत्रे लिहिण्याची मुभा आहे, पण प्रत्येक पत्र तुरुंगाधिकारी उघडून वाचतो. पत्रात सांकेतिक लिपी दिसली तर पत्रव्यवहार तेथेच बंद होणार. म्हणजे कैद्यांच्या दृष्टीने मजकूर उलगडला जाणे ही पुढची आपत्ती झाली; नुसता संशय आला तरी सर्वस्व गेले. सिमन्सच्या कथेतले हे तीन जण, दोन कैदी आणि एक अधिकारी, आजही या विषयावरील जवळजवळ प्रत्येक निबंधात भेटतात. तुरुंगाच्या जागी एखादा देश घ्यावा आणि पत्रांच्या जागी छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे ही कथा केवळ कल्पनेतली राहत नाही.

छायाचित्रांत लपविण्यासाठी जागा कोठून येते, हे प्रथम पाहू.

अंकीय छायाचित्र म्हणजे आकड्यांचा एक भला मोठा तक्ता होय. चित्राचे अतिसूक्ष्म चौकोन पाडलेले असतात. त्यांना पिक्सेल किंवा चित्रबिंदू म्हणतात. साध्या कृष्णधवल चित्रात प्रत्येक चित्रबिंदूसाठी ० ते २५५ यांमधील एक आकडा नोंदलेला असतो. ० म्हणजे गडद काळा, २५५ म्हणजे शुभ्र पांढरा. रंगीत चित्रात लाल, हिरवा व निळा यांसाठी असे तीन आकडे असतात. विवेचन सुलभ व्हावे म्हणून येथे कृष्णधवल चित्रच घेतले आहे. खिशातल्या दूरध्वनीने काढलेल्या छायाचित्रातसुद्धा १ कोटी २० लाख चित्रबिंदू सहज असतात. आता रॉक गार्डनमधील एखाद्या भिंतीच्या चित्रात एका बिंदूचा आकडा १४२ आहे आणि तो कोणी १४३ केला, तर हा फरक कोणत्याही डोळ्याला दिसणार नाही. किंबहुना तीच भिंत त्याच कॅमेऱ्याने पुन्हा टिपली तरी आकडे जसेच्या तसे येत नाहीत. प्रकाशाचे कण कमीअधिक पडतात, कॅमेऱ्यातील विद्युत्‌मंडलाची आपली थोडी कुरकुर असते, आणि त्यामुळे शेवटचा अंक एकीकडे किंवा दुसरीकडे झुकतो. या नैसर्गिक अस्थिरतेच्या आडोशाला मजकूर बसवावयाचा असतो.

सर्वांत सोपी रीत अशी. संगणकातील सर्व मजकूर ० आणि १ या दोन अंकांत, म्हणजे द्विमान पद्धतीत, मांडलेला असतो. पाठविणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधीच ठरवून घ्यावयाचे की समसंख्येचा बिंदू ० दाखवील आणि विषम संख्येचा बिंदू १ दाखवील. मजकुराचा पहिला अंक १ असेल आणि पहिल्या बिंदूचा आकडा १४२ असेल तर तो १४३ करावयाचा; आधीच १४३ असेल तर हात लावावयाचा नाही. याप्रमाणे एकेका बिंदूत मजकुराचा एकेक अंक बसतो. निम्मे बिंदू योगायोगाने आधीच जुळलेले असतात. म्हणून दर दोन अंकांमागे सरासरीने एक बदल करावा लागतो.

ही रीत पुष्कळ वर्षे वापरात होती आणि हौशी लोकांच्या आज्ञावल्यांतून ती आजही आढळते. परंतु ती फसवी आहे. डोळ्याला न दिसणारी गोष्ट मोजणीला दिसते. समजा, एखाद्या चित्रात १४२ हा आकडा ९,००० वेळा आणि १४३ हा ७,००० वेळा आलेला आहे. त्यांतील प्रत्येक बिंदूवर मजकुराचा अंक चढविला की १४२ चे १४३ होतात आणि १४३ चे १४२. दोघांची संख्या ८,००० च्या आसपास येऊन थांबते. १४४ आणि १४५ यांचेही तसेच, १४६ आणि १४७ यांचेही तसेच. निसर्गात अशा जोड्या एकमेकींशी इतक्या समसमान कधी नसतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील आंद्रेआस वेस्टफेल्ड आणि आंद्रेआस फित्समान यांनी १९९९ मध्ये नेमके हेच लक्षण पकडून दाखविले. तुरुंगाधिकाऱ्याला पत्र वाचता आले नाही तरी चालते. पत्रातल्या काळ्यापांढऱ्याची शिरगणती केली की पुरे.

समसमान जोड्यांचे हे विशिष्ट लक्षण टाळता येते. जेथे बदल करावयाचा तेथे कधी एकाने वाढवावे आणि कधी एकाने घटवावे, म्हणजे जोड्या जुळत नाहीत. पण त्यामुळे मूळ अडचण दूर होत नाही. प्रत्येक बदल हा चित्रावर उमटलेला एक ठसा आहे. ठसे जितके अधिक तितके मोजणाऱ्याचे काम सोपे. तेव्हा खरा प्रश्न असा की कमीत कमी बिंदूंना हात लावून अधिकात अधिक मजकूर कसा सांगता येईल? या प्रश्नाचे उत्तर एका भलत्याच शास्त्रात आधीच तयार होऊन पडलेले होते.

ते शास्त्र म्हणजे संकेत सिद्धांत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हा गणितज्ञ १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिलेवर चालणारे एक गणनयंत्र वापरीत असे. त्याची गणिते शनिवारी-रविवारी कोणी जवळ नसताना यंत्रावर चालत. यंत्राला चूक झाल्याचे कळे, परंतु ती कोठे झाली हे कळत नसे. मग ते हातचे गणित सोडून देई आणि पुढचे घेई. सोमवारी येऊन पाहावे तो काम झालेले नाही! दोनदा असा अनुभव आल्यावर हॅमिंगच्या मनात आले की चूक झाली हे ज्या यंत्राला कळते त्याला चुकीची जागा का कळू नये? १९५० मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे उत्तर आहे. त्यातील एका संकेतात सात अंकांचे शब्द असतात. त्यांपैकी चार अंक कामाचे आणि तीन पहाऱ्याचे. वाटेत कोणताही एक अंक बिघडला तर त्या तीन पहारेकऱ्यांच्या साक्षीवरून बिघडलेल्या अंकाचा क्रमांक काढता येतो.

सुमारे अर्धशतकाने, १९९८ मध्ये, रॉन क्रँडॉल यांनी हीच युक्ती उलटी फिरवावी असे सुचविले. हॅमिंगच्या मते अंकाचा बिघाड ही टाळावयाची गोष्ट. येथे तोच बिघाड मुद्दाम करावयाचा, आणि त्याची जागा अशी निवडावयाची की ती जागाच मजकूर बोलेल.

याचे एक उदाहरण हाताने करून पाहण्यासारखे आहे. भिंतीच्या चित्रातील सात बिंदू घेऊ. त्यांचे आकडे क्रमाने १४२, १४३, १४५, १४०, १३९, १४१ आणि १४४ असे आहेत. यांत विषम आकडे दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या जागी आहेत. या जागांचे क्रमांक द्विमान पद्धतीत एकाखाली एक लिहावेत: २ म्हणजे ०१०, ३ म्हणजे ०११, ५ म्हणजे १०१ आणि ६ म्हणजे ११०. आता प्रत्येक स्तंभातील १ मोजावेत. संख्या सम असेल तर खाली ० लिहावे, विषम असेल तर १ लिहावे. उजवीकडील स्तंभात दोन १ आहेत, म्हणून ०. मधल्या स्तंभात तीन आहेत, म्हणून १. डावीकडील स्तंभात दोन, म्हणून ०. उत्तर आले ०१०. या उत्तराला त्या सात बिंदूंचे लक्षण म्हणू. वैद्य जसा लक्षणावरून रोग ओळखतो तसा हॅमिंगचा ग्राहक या लक्षणावरून बिघाड ओळखी.

पाठविणाऱ्याला सांगावयाचे आहे ११०. चित्राचे लक्षण आहे ०१०. हे दोन्ही एकाखाली एक लिहून तीच सम-विषम मोजणी पुन्हा करावी. उजवीकडे ०, मध्ये दोन १ म्हणून ०, डावीकडे एकच १ म्हणून १. मिळाले १००, म्हणजे ४. तेव्हा चौथा बिंदू बदलावयाचा: १४० च्या जागी १४१ करावयाचे, किंवा १३९ केले तरी चालेल. बस्स, काम झाले. आता विषम जागा २, ३, ४, ५ आणि ६ अशा पाच झाल्या. वाचकाने त्यांचे लक्षण काढून पाहावे. ते ११० येईल. आणि मुळातच लक्षण व मजकूर जुळलेले असतील तर फरक ००० येतो आणि काहीच बदलावे लागत नाही.

या हिशेबातील गंमत घेणाऱ्याच्या बाजूने पाहिली म्हणजे अधिक कळते. त्याला मूळ चित्र ठाऊक नाही, कोणता बिंदू बदलला हे ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही नाही. सात आकडे घ्यावयाचे, लक्षण काढावयाचे, आणि ते लक्षण हाच मजकूर. सात बिंदूंत तीन अंक बसले आणि बदल झाला फार तर एक. सरासरी काढली तर आठ प्रसंगांपैकी एकात काहीच बदलावे लागत नाही, म्हणून बदलांची सरासरी सात-अष्टमांश येते. साध्या रीतीत एका बदलामागे मजकुराचे दोन अंक जातात. येथे जवळजवळ साडेतीन जातात.

गट मोठा केला की हे प्रमाण वाढत जाते. १५ बिंदूंच्या गटात चार अंक बसतात, ३१ बिंदूंत पाच, २५५ बिंदूंत आठ. आणि प्रत्येक ठिकाणी बदल फार तर एकच. ‘उद्या येऊ नका’ एवढाच निरोप पाठवावयाचा आहे असे समजा. काना, मात्रा, पाय मोडण्याचे चिन्ह आणि मधल्या मोकळ्या जागा धरून त्यात १३ चिन्हे आहेत. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ठरविलेल्या इस्की या संकेतात प्रत्येक चिन्हाला आठ द्विमान अंक लागतात; तेव्हा एकूण १०४ अंक झाले. साध्या रीतीने ते १०४ बिंदूंत बसतील आणि सुमारे ५२ बदल होतील. सातांच्या गटांनी सुमारे ३१ बदल होतील. २५५ बिंदूंचा गट घेतला तर ३,३१५ बिंदू खर्ची पडतील, पण बदल फार तर १३, म्हणजे अक्षरचिन्हामागे एक! आणि १०,४८,५७५ बिंदूंचा एक याप्रमाणे सहा गट केले तर सुमारे ६३ लाख बिंदूंच्या चित्रात केवळ सहा बिंदूंना स्पर्श करून सगळा निरोप जातो. १ कोटी २० लाख बिंदूंच्या छायाचित्रात असे सहा बिंदू!

अर्थात ही काटकसर फुकट मिळत नाही. निरोपाच्या मानाने चित्र अवाढव्य लागते. वेस्टफेल्ड यांनी २००१ मध्ये एफ-५ नावाची आज्ञावली तयार केली. मजकूर किती आहे आणि चित्रात जागा किती आहे हे पाहून ती गटाचा आकार आपला आपण ठरवी. लपविण्यासाठी संकेत सिद्धांताचा व्यवहारात झालेला हा पहिला ठळक उपयोग होय.

येथवर आले की चंदीगडच्या गणितज्ञांची गाठ पडते. आणि ती पडते भूमितीच्या वाटेवर.

सात अंकांचे एकूण १२८ शब्द होतात. त्यांतील हॅमिंगचे ‘शुद्ध’ शब्द १६. प्रत्येक शुद्ध शब्दाभोवती, एक अंक बदलून मिळणाऱ्या सात शब्दांचे कडे आहे. शब्द आणि त्याचे कडे मिळून आठ. सोळा आठे १२८. म्हणजे ही कडी एकमेकांवर चढत नाहीत आणि त्यांच्यामध्ये रिकामी जागाही उरत नाही. चूक दुरुस्त करणाऱ्याला पहिली गोष्ट हवी असते: कडी एकमेकांवर चढू नयेत, नाहीतर बिघडलेला शब्द मुळात कोणाचा याचा घोटाळा होईल. लपविणाऱ्याला दुसरी गोष्ट हवी असते: कोणताही शब्द कोणत्या ना कोणत्या कड्यात सापडलाच पाहिजे, म्हणजे इष्ट लक्षण थोडक्या बदलांत साधेल. पहिला प्रश्न फळवाल्याचा आहे: टोपलीत संत्री दाटीने कशी रचावीत. दुसरा नगरपालिकेच्या दिवाबत्तीचा आहे: मैदानाचा कोपरान्‌कोपरा उजळावा, पण दिवे कमीत कमी लागावेत. पहिल्याला भरण म्हणतात, दुसऱ्याला आच्छादन.

आच्छादनाचा हा प्रश्न नित्याच्या तीन परिमाणांच्या अवकाशात मांडला तर असा होतो: सारख्या आकाराचे गोल नियमित जालकावर ठेवून सगळा अवकाश झाकावयाचा आहे, गोल एकमेकांत शिरले तरी हरकत नाही, पण कमीत कमी शिरावेत. कोणती रचना सर्वांत काटकसरीची? राम प्रकाश बंबा यांनी १९५४ मध्ये हा प्रश्न सोडविला. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मध्यावर एकेक गोल ठेवला असता मिळणारी रचना सर्वोत्तम होय, असे त्यांनी सिद्ध केले. तिच्यात गोलांचे एकूण घनफळ अवकाशाच्या सुमारे १.४६ पट भरते. याहून कमी कोणत्याही जालकात भागत नाही. बंबा केंब्रिजला लुई मॉर्डेल यांच्या हाताखाली तयार झालेले. पुढे त्यांचे आयुष्य पंजाब विद्यापीठात गेले आणि १९८५ ते १९९१ या काळात ते तेथे कुलगुरू होते. १८८२ मध्ये लाहोरला स्थापन झालेले हे विद्यापीठ फाळणीनंतर इकडे आले आणि अखेर चंदीगडला स्थिरावले. हंसराज गुप्त आणि बंबा यांनी तेथे संख्याशास्त्राची, विशेषतः संख्यांच्या भूमितीची, परंपरा घातली. अशा परंपरेला इमारतींपेक्षा शिष्यांची अधिक गरज असते, आणि ते तिला लाभले. आर. जे. हंस-गिल, मधु राका आणि रंजीत सेहमी यांनी मिंकोव्स्की व वुड्स यांच्या अनुमानांवर केलेले काम २००९ मध्ये सात परिमाणांसाठी आणि २०११ मध्ये आठ परिमाणांसाठी प्रसिद्ध झाले. वुड्स यांच्या अनुमानात प्रश्न असतो तो अमुक त्रिज्येचा गोल कोठेही ठेवला तरी त्यात जालकाचा एखादा बिंदू सापडेलच काय, हा. म्हणजे पुन्हा आच्छादनाचाच. याच विभागातील गुरमीत बक्षी आणि मधु राका यांनी २००३ मध्ये चक्रीय संकेतांच्या एका कुळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हॅमिंगचे संकेत याच मोठ्या चक्रीय घराण्यातील मानले जातात.

या मंडळींच्या निबंधांचा विषय लपवाछपवी हा नव्हे. परंतु चित्रात मजकूर दडविणे म्हणजे आच्छादनाचा प्रश्न सोडविणे होय, ही ओळख त्याच २००३ साली फाब्रिस गालां आणि ग्रिगोरी काबात्यान्स्की यांच्या निबंधाने पक्की झाली. त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच आच्छादनाचे नाव घातले. ज्यांनी लपविण्याचा विचार स्वप्नातही केला नसेल अशा भूमितिकारांचे प्रश्न त्या दिवसापासून लपविणाऱ्यांचेही झाले.

भरण आणि आच्छादन ही दोन्ही कामे हॅमिंगप्रमाणे बेमालूम साधणारे संकेत फार थोडे आहेत. मार्सेल गोले यांनी १९४९ मध्ये दिलेला २३ अंकांचा संकेत हा त्यांपैकी सर्वांत विलक्षण. त्याच्या साहाय्याने २३ बिंदूंत ११ अंक दडविता येतात आणि बदल फार तर तीन होतात. सातांच्या गटाशी तुलना केली तर यात मजकूरही दाट बसतो आणि दर बदलामागे अंकही अधिक जातात. दोन्ही बाजूंनी लाभ. याच संकेताचे एक अंक वाढविलेले रूप व्हॉयेजर यानांनी १९७९ ते १९८१ या काळात गुरू आणि शनी यांची रंगीत चित्रे पृथ्वीवर पाठविताना वापरले होते. कोट्यवधी किलोमीटरच्या प्रवासात चित्र बिघडू नये म्हणून जो संकेत उपयोगी पडला, त्यानेच चित्र हेतुपूर्वक आणि हिशेबाने बिघडविता येते.

बदल किती करावेत, एवढ्याने मात्र भागत नाही. ते कोठे करावेत हा प्रश्न राहतोच. चंदीगडचे दोन फोटो शेजारी ठेवून पाहावेत. एकात सुखना सरोवरावरचे निरभ्र आकाश आहे. तेथे शेजारशेजारच्या बिंदूंचे आकडे इतके संथपणे बदलतात की मध्येच एक आकडा चुकला तर तो ओळीत वाकडा उभा राहिलेल्या मुलासारखा दिसतो. दुसऱ्यात रॉक गार्डनची बांगड्यांच्या काचांनी मढविलेली आकृती आहे. तेथे प्रत्येक बिंदू शेजाऱ्याशी भांडत असतो. एकाने आपला आकडा एकाने वाढविला तर कोण विचारतो? लपविणारा साहजिकच काचांकडे जाईल आणि आकाश सोडून देईल. पण येथे एक पेच पडतो. कोणते बिंदू सोडले हे घेणाऱ्याला कसे कळावे? त्याच्या हाती आलेल्या चित्रात बदल झालेले आहेत. त्याने स्वतः निवड करू म्हटले तर एखादा बिंदू इकडचा तिकडे होऊन सगळाच मजकूर कोसळेल.

अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथील जेसिका फ्रिड्रिख आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये यातून वाट काढली आणि तिला ‘ओल्या कागदाचे संकेत’ असे नाव दिले. पावसाचे थेंब पडलेल्या कागदावर लिहिणारा कोरड्या जागीच लिहितो. कागद पोचेपर्यंत वाळून जातो. वाचणाऱ्याला ओले कोठे होते हे दिसत नाही. तरीही त्याला वाचता आले पाहिजे. हे साधते ते लक्षणामुळेच. घेणारा नेहमीप्रमाणे सर्व बिंदूंचे मिळून लक्षण काढतो. ते लक्षण जुळविताना केवळ कोरड्या जागांना हात लावण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची; तो त्यासाठी समीकरणांचा एक संच सोडवितो, आणि कोरड्या जागा पुरेशा असतील तर उत्तर बहुधा मिळते. पुढे २०११ मध्ये टोमाश फिलर, यान युडास आणि फ्रिड्रिख यांनी प्रत्येक बिंदूला वेगळी किंमत लावता येईल अशी पद्धत प्रसिद्ध केली. आकाश महाग, काचा स्वस्त. मजकूर बसवावयाचा, पण एकूण खर्च कमीत कमी ठेवावयाचा. ही पद्धत काटकसरीच्या सैद्धांतिक मर्यादेच्या अगदी जवळ पोचते.

आता तुरुंगाधिकाऱ्याची बाजू. चंदीगडला केंद्र सरकारची एक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांत जप्त केलेल्या संगणकांची आणि दूरध्वनींची तपासणी होते आणि त्यांत हजारो छायाचित्रे असतात. ज्या प्रकरणांतून चित्रांतला मजकूर खरोखर उघड झाला, त्यांत तो बहुधा गणितापेक्षा माणसाच्या निष्काळजीपणामुळे सापडला. २०१० मध्ये अमेरिकेत पकडल्या गेलेल्या रशियन हेरांनी संकेतस्थळांवर ठेवलेल्या चित्रांतून निरोप पाठविले होते. त्यांच्या घरी केलेल्या झडतीत त्यांची आज्ञावली तपासनिसांच्या हाती लागली. २०१८ मध्ये अमेरिकेतच अटक झालेल्या एका अभियंत्यावर आरोप होता तो मालक कंपनीची कागदपत्रे सूर्यास्ताच्या चित्राच्या धारिकेत दडवून बाहेर पाठविल्याचा. लपविणाऱ्याची आणखी एक ठरलेली चूक म्हणजे दुसऱ्याचे प्रसिद्ध चित्र वापरणे. मूळ चित्र तपासनिसाला मिळाले की दोन्ही तक्त्यांची वजाबाकी करावयाची; मग सहा बदल असोत की एक, तो उघडा पडतो. शिवाय लोकप्रिय संदेशसेवा चित्र पाठविताना ते पुन्हा दाबून लहान करतात. त्यात शेवटचे अंक पार बदलून जातात आणि नाजूकपणे बसविलेला मजकूर कोणी न शोधताच नाहीसा होतो.

जेथे अशी चूक हाती लागत नाही तेथे मोजणी उरते, आणि मोजणी कधी निःसंशय बोलत नाही. २००१ च्या आरंभी अमेरिकन वृत्तपत्रांतून अतिरेकी संघटना संकेतस्थळांवरील चित्रांत निरोप दडवितात अशा बातम्या आल्या. त्यांची शहानिशा करावी म्हणून मिशिगन विद्यापीठातील नील्स प्रोव्होस आणि पीटर हनीमन यांनी ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावरील २० लाख चित्रे संगणकाकडून तपासून घेतली. हजारो चित्रे संशयास्पद ठरली. त्या सर्वांवर शब्दकोशातील शब्द किल्ली म्हणून लावून पाहण्यात आले. एकाही चित्रातून मजकूर निघाला नाही.

ही हजारो चित्रे विकाऊ मालाची होती आणि ती काढणाऱ्यांना आपल्यावर संशय आल्याचे कळलेही नसेल. जप्तीतील छायाचित्रांचे तसे नसते. शंभरांत एकदाच चुकणारे तपासयंत्र आहे असे समजा; आजच्या घटकेला ते उत्तमच म्हणावे लागेल. त्याच्यापुढे एक लाख निर्दोष छायाचित्रे ठेवली तर ते त्यांतील एक हजारांवर बोट ठेवील. त्यांत कोणाच्या मुलाचे बारसे असेल, कोणाची सुखना सरोवरावरची सहल असेल. यंत्राच्या उत्तरापुढे फक्त ‘शक्यता’ एवढेच लिहिलेले असते. आत काही आहे की नाही हे किल्ली मिळेपर्यंत सिद्ध होत नाही, आणि आत काहीच नसेल तर किल्ली कधीच मिळणार नाही.